फ्रेंच शब्द कोठे तोडावा आणि कसा उच्चारावा?

प्रश्न (तापीकाठ, धुळे)

मी धुळ्यात घरीच फ्रेंच शिकत असून पुस्तक आणि ध्वनिमुद्रणे यांवरच माझी भिस्त आहे. केळ्याचा फ्रेंच शब्द पुस्तकात ‘बा-ना-न’ असा तीन अवयवांत, म्हणजे सिलेबलमध्ये, तोडला आहे. ध्वनिमुद्रणात मात्र ‘बा-नान्’ असे दोनच ऐकू येतात. शिवाय स्वरापुढे एन आला की तो स्वर नाकातून काढावा, हा नियम येथे का लागत नाही? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (केळीबाग, रावेर)

दोन्ही फोडी बरोबर आहेत. पुस्तकातील फोड लेखनाची असल्यामुळे ती शेवटचा ई मोजते, बोलताना मात्र तो सहसा मुका राहतो. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन नेहमी पुढच्या स्वराकडे जाते, म्हणून पहिला अवयव ‘बा’वरच संपतो आणि त्यातला स्वर नाकात जात नाही.

आपल्याकडचे दुसरे पीक घ्या. कापूस म्हणजे ‘को-तों’. येथे एन शब्दाच्या शेवटी आहे, त्यामुळे स्वर नाकातून निघतो आणि एन वेगळा उच्चारत नाहीत. कपाशीचे झाड मात्र ‘को-तो-न्ये’. लिहिताना दोन एनच्या मधून शब्द तुटत असला, तरी जोड एनपुढे स्वर असल्यामुळे नासिक्य स्वर उरत नाही. ‘तोंड’ म्हणताना आपली जीभ टाळूला लागते, तशी ती ‘को-तों’च्या शेवटी कोठेही लागता कामा नये. माझ्या मते मराठी माणसाने सर्वांत आधी हीच सवय लावून घ्यावी.

उत्तर (सातपुडा, शहादा)

वरील उत्तराला थोडी पुरवणी जोडतो. दोन व्यंजने लागोपाठ आली की ती मधून तुटतात, जसे निघणे या अर्थी ‘पार-तीर’. दुसरे व्यंजन एल किंवा आर असेल तर जोडी बहुधा फुटत नाही. म्हणून चित्र म्हणजे ‘ता-ब्लो’. ‘मों-तान्य’ या डोंगरवाचक शब्दातील जी आणि एन मिळून एकच ध्वनी होतो, तोही तोडू नये.

तथापि तापीकाठ यांनी सुट्या शब्दांवरच थांबू नये, कारण वाक्यात अवयव शब्दांची सीमा ओलांडतात. मित्र या अर्थाच्या ‘आमी’ला अनेकवचनी उपपद ‘ले’ लागले की त्या ‘ले’च्या शेवटचा एरवी मुका असलेला एस जागा होतो आणि ‘ले-झा-मी’ ऐकू येते. हा झ ‘झाड’मधला. आघातही प्रत्येक शब्दावर न पडता शब्दसमूहाच्या शेवटच्या अवयवावर पडतो.

उत्तर (केळीबाग, रावेर)

सहमत आहे. दक्षिण फ्रान्समधील वक्त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकाल, तर केळ्याच्या शब्दातील शेवटचा ई हलकासा ऐकू येईल आणि तीन अवयव भरतील. तो त्या भागाचा ढंग आहे, चूक नव्हे.