‘स्वमग्न’ या शब्दातला ‘स्व’

नमस्कार. मला एका शब्दाबद्दल विचारायचं आहे. ऑटिझम, म्हणजे माणसांशी बोलण्या-वागण्याची आणि आवाज, उजेड जाणवण्याची जन्मापासूनची वेगळी घडण, याला मराठीत स्वमग्नता म्हणतात. ‘स्वमग्न’ हा शब्द माझ्याबद्दलच वापरला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या महिन्यात मामेबहिणीचं डोहाळजेवण होतं. वीसेक मिनिटं मी हॉलमध्ये बसले आणि मग वरच्या खोलीत जाऊन बसले. खाली कोणीतरी आईला विचारलं, "हिला काय झालं?" आई म्हणाली, "ती स्वमग्न आहे." त्यावर आईची चुलतबहीण म्हणाली, "अगं, आजकालच्या सगळ्याच पोरी स्वमग्न. मोबाइलमधून मान वर करतील तर शपथ." परत येताना रिक्षात आईने मला हे सांगितलं. ती मावशी फार प्रेमळ आहे. मला आवडतात म्हणून तिने त्या दिवशी चार करंज्या वेगळ्या डब्यात भरून दिल्या होत्या. तिने शब्दाचा चुकीचा अर्थ घेतलेला नाही, मराठीत त्याचा जो अर्थ होतो तोच घेतला. म्हणून मला वाटतं, अडचण शब्दातच आहे.

मी २३ वर्षांची आहे. सतराव्या वर्षी डॉक्टरांनी अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम, म्हणजे ऑटिझमचाच एक प्रकार, असं निदान केलं. कागदावर एफ ८४.५ असा त्या निदानाचा आकडा आहे. त्याआधी शाळेत मला ‘शांत मुलगी’ म्हणायचे, कारण मुलगी शांत असली की कोणी फार चौकशी करत नाही. सध्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करते.

आता शब्दाकडे. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. हॉलमध्ये मी स्वतःत बुडाले नव्हते. स्पीकरवर ओव्या लागल्या होत्या, स्वयंपाकघरात पातेली सरकवत होते, माझ्या आसपास चार जणींच्या दोन वेगळ्या गप्पा चालल्या होत्या. हे सगळं मला एकाच पट्टीत ऐकू येत होतं. कोणाचं ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं हे माझ्या कानांना ठरवता येत नाही. त्यात नव्या साडीचा जरीचा काठ मानेला घासत होता, आणि एक ट्यूबलाइट फडफडत होती, ती बहुतेक कोणाला दिसलीही नसेल. स्वतःचा विचार करायला तेव्हा जागाच नव्हती. बाहेरचं इतकं आत येत होतं की मला दार लावावं लागलं. वरच्या खोलीत जाणं म्हणजे ते दार लावणं.

‘मग्न’ मात्र मला पूर्ण पटतो. लहानपणी आजी म्हणाली, "अगंबाई, बांगडी वाढली." मी दुसरी बांगडी घेऊन शेजारी ठेवली आणि मापून पाहिली. आजीने मला जवळ बसवून समजावलं, की फुटली असं म्हणायचं नसतं म्हणून वाढली म्हणायचं. तेव्हापासून मी ‘वाढणे’ची वाक्यं गोळा करते. मूल वाढतं, पान वाढतात, नारळ वाढवतात, रात्री दुकान वाढवतात, म्हणजे बंद करतात. एकाच क्रियापदात मोठं होणं, ताटात पडणं, फुटणं आणि मिटणं. अशा वाक्यांचे माझ्याकडे तीन खोके भरून कागद आहेत. त्यात बसले की मला भूक कळत नाही. तेव्हा मी मग्न असते, पण ‘वाढणे’मध्ये असते, ‘स्व’मध्ये नाही.

माझे प्रश्न दोन. ‘स्वमग्न’मधला हा ‘स्व’ आला कुठून? आणि त्याहून नेमका शब्द मराठीत आहे का?

प्रतिसाद (निवृत्त संस्कृत शिक्षक)

प्रश्न आवडला. मग्न हे ‘मस्ज्’ म्हणजे बुडणे या धातूचं रूप. मज्जन, निमग्न ही त्याच घरातली. समासात मग्नच्या आधी जे येतं, त्यात माणूस बुडालेला असतो: ध्यानमग्न, चिंतामग्न, शोकमग्न. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं जुनं देऊळ जलमग्न आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते दिसतं. हा सगळा सप्तमी तत्पुरुष. म्हणून स्वमग्नचा ‘स्वतःमध्ये बुडालेला’ याखेरीज दुसरा अर्थ व्याकरण देणारच नाही. तुझ्या मावशीचं बरोबर होतं.

तुला जे म्हणायचं आहे त्याला आपल्याकडे दोन जुने शब्द आहेत. तल्लीन, म्हणजे तत् अधिक लीन. तन्मय, म्हणजे तत् अधिक मय. दोन्हींत ‘तत्’ आहे, ‘ते’. त्या वस्तूत विरघळलेला, त्या वस्तूचाच झालेला. स्व तिथे नाहीच. बाळ, तू खोके भरतेस तेव्हा तू तल्लीन असतेस.

प्रतिसाद

आमच्या गावात अशा माणसाला एककल्ली म्हणतात.

धागाकर्ती

सर, ‘तत्’ वाचल्यावर मी वहीत दोनदा लिहून ठेवलं. ‘स्व’च्या जागी ‘तत्’, मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि माझ्याकडे अक्षर नव्हतं.

तरी एक शंका उरते. तल्लीन ही काही वेळापुरती अवस्था आहे. गाणारा तासभर तल्लीन होतो, मग उठून चहा घेतो. माझं ट्यूबलाइटचं फडफडणं दिसणं चोवीस तास चालू असतं. तल्लीन या शब्दात माझी अर्धी गोष्ट बसते, हॉलमधली अर्धी बसत नाही. शिवाय तल्लीन हा कौतुकाचा शब्द आहे. आईने "ती तल्लीन आहे" असं सांगितलं तर लोक विचारतील, कशात?

एककल्लीबद्दल: हा शब्द मी ऐकलेला आहे. त्यात ‘कल’ ऐकू येतो आणि तेवढ्यापुरता तो खरा आहे, माझा कल एकाच बाजूला असतो. पण बोलताना आपण एककल्ली म्हणतो तेव्हा ‘दुसऱ्याचं ऐकत नाही’ असं सुचवत असतो. मी ऐकते. कोणी सरळ सांगितलं तर शब्दन् शब्द ऐकते. "बघू" म्हणजे "नाही", हे मात्र मला कोणी तरी सांगावं लागतं.

प्रतिसाद (एका नऊ वर्षांच्या मुलाची आई)

ताई, तुझं म्हणणं कळलं, पण माझी बाजूही ऐक. माझा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. सासरी त्याला मुका म्हणायचे, एका शाळेत मतिमंद म्हणाले, देवऋषीकडे नेण्याच्याही गोष्टी झाल्या. डॉक्टरांनी स्वमग्नता हा शब्द दिला तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, "तो स्वतःत रमलाय." त्यांना ते लगेच समजलं. तेव्हापासून त्या त्याच्याशेजारी शेंगा निवडत बसतात, काही न बोलता. मी ऑटिझम म्हटलं असतं तर त्यांना तो आजार वाटला असता.

दुसरं म्हणजे कागद. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हताच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला स्वतःची जागा मिळाली. मराठी अर्जांवर स्वमग्नता असंच छापलेलं असतं. इतक्या मुश्किलीने मिळालेला शब्द मी कसा सोडू?

धागाकर्ती

ताई, तुम्ही सोडू नका. मी हे खरंच म्हणते. तुमच्या सासूबाई शेंगा निवडत बसतात हे मी तीन वेळा वाचलं. न बोलता शेजारी बसणं ही मला माहीत असलेली सगळ्यात चांगली सोबत आहे.

तुमच्या वाक्यात मला एक गोष्ट दिसली. तुम्ही ‘मग्न’ म्हटलं नाही, ‘रमलाय’ म्हटलं. रमण्यात आनंद आहे, आणि रमलेल्या मुलाला कोणी ओढून काढत नाही. बुडालेल्याला मात्र लोक बाहेर काढायला धावतात. बहुतेक म्हणूनच मला लहानपणी सतत हाताला धरून पाहुण्यांसमोर आणायचे.

प्रतिसाद (जर्मनीत राहणारा)

‘स्व’ कुठून आला याचं उत्तर देतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या आपल्या ग्रंथात ऑटिझम हा शब्द मांडला. तो ग्रंथ स्किझोफ्रेनिया या मनोविकारावर होता. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आतल्या जगात गेलेल्या रुग्णांबद्दल ते लिहीत होते, आणि ग्रीकमध्ये ‘आउटोस’ म्हणजे स्वतः. पुढे १९४३मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर आणि १९४४मध्ये व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर या दोघांनी तोच शब्द मुलांसाठी उचलला. म्हणजे ‘स्व’ मुळात तुमच्यासारख्या लोकांकडे पाहून आलेला नाही. तो दुसऱ्याच आजाराच्या शब्दातून आला आणि मराठीने त्याचा प्रामाणिक अनुवाद केला.

तुमच्या निदानातलं नाव याच आस्पेर्गर यांचं. उच्चाराचं म्हणाल तर जर्मनमध्ये त्यात ‘ग’ आहे, ‘ज’ नाही. मराठीत अस्पर्जर छापलेलं दिसतं ते इंग्रजीच्या वाटेने आलेलं. तुम्ही ‘ग’ लिहिलात म्हणून बरं वाटलं.

आस्पेर्गर यांनी स्वतः ‘ऑटिस्टिक सायकोपॅथी’ म्हटलं होतं. १९८१मध्ये लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी तो शब्द टाळून ‘आस्पेर्गर सिंड्रोम’ पुढे आणला, कारण सायकोपॅथी म्हटलं की लोकांना भलतंच वाटतं. म्हणजे मावशीपुढे तुमच्या आईला आली तीच अडचण विंग यांनाही आली होती. त्यांनी माणसाचं नाव निवडलं. पण २०१८मध्ये इतिहासकार हेर्विग चेक यांनी व्हिएन्नाचे जुने कागद काढून दाखवलं, की नाझी काळात ‘आम श्पीगलग्रुंड’ या संस्थेत मुलं पाठवण्यात आस्पेर्गर यांचा हात होता. तिथे अपंग मुलांना मारलं जायचं. अमेरिकी निदानपुस्तिकेने २०१३मध्येच हे वेगळं नाव काढून सगळं ऑटिझमच्या वर्णपटात घातलं होतं, त्याची कारणं वैद्यकीय होती. २०२२पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही ते वेगळं राहिलेलं नाही.

धागाकर्ती

हे वाचून मी काल दिवसभर इथे काही लिहिलं नाही. ते नाव मला सतराव्या वर्षी मिळालं तेव्हा मी घरी येऊन झोपले होते, खूप वर्षांनी गाढ. म्हणून ते माझ्या जवळचं आहे. पण त्या संस्थेत पाठवलेल्या मुलांमध्ये माझ्यासारखी कोणी असू शकली असती, आणि हे कळल्यावर मला ते नाव स्वतःसाठी वापरता येणार नाही. कागदावर राहील, कारण कागद जुना आहे. बोलताना मी आता ऑटिझम म्हणेन.

त्यातही ‘स्व’ आहे हे आता कळलं, पण तो ग्रीक आहे आणि मराठी कानाला ऐकू येत नाही. मावशीला ‘स्वमग्न’ कळला, म्हणून तिने पुढे विचारलं नाही. ‘ऑटिझम’ तिला कळला नसता आणि तिने विचारलं असतं, "म्हणजे काय गं?" त्या प्रश्नाला आई उत्तर देऊ शकली असती. माझ्यापुरता हा निवाडा आहे. ताईंच्या घरात ‘रमलाय’ने काम झालं आहे, तिथे तोच शब्द योग्य.

पुढच्या महिन्यात बारसं आहे. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मी आणि आईने काल बसून लिहिलं: "हिला ऑटिझम आहे. गलका वाढला की ती आत जाऊन बसते, मग येते." आईने ‘मग येईल’ लिहिलं होतं. मी ‘येते’ केलं, कारण हा रीतिवर्तमान आहे, मी दर वेळी परत येते. आणि ‘वाढला’ तिने आपणहून लिहिलं, म्हणून ते वाक्य तिसऱ्या खोक्यात गेलं.