मदत हवी आहे: फ्लोट स्विच उघडा (संपर्क तुटलेला) असतानाही ऑप्टोकपलर सिग्नल देतोय

भांडुपची आमची सात मजली सोसायटी. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार जोडला-तुटणारा) आहे. पाणी उतरलं की २३० व्होल्ट खाली वॉचमनच्या केबिनपर्यंत येतात, निऑन दिवा लागतो, मग तो हाताने पंप सुरू करतो. हाच सिग्नल मला ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला द्यायचा आहे (३.३ व्होल्ट, सप्लाय वेगळा).

सर्किट असं: फेजमध्ये फ्यूज, १एन४००७ डायोड आणि ४७ किलोओहम, अर्ध्या वॅटचे दोन रेझिस्टर, पुढे पीसी८१७ (ऑप्टोकपलर, म्हणजे वायरचा संबंध न ठेवता आतल्या एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारी चिप). त्याच्या एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड. आउटपुटला ईएसपीचा आतला पुल-अप (सिग्नल नसताना पिन ३.३ व्होल्टवर ठेवणारा रेझिस्टर). बोर्डावर २३० व्होल्ट आणि ३.३ व्होल्टच्या बाजूंत ८ मिमी अंतर, मध्ये खाच. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच, मेन बंद करून.

टेबलावर झकास चाललं. केबिनमध्ये मात्र स्विच उघडा असतानाही पिनवर ५० हर्ट्झचे पल्स येतात. मल्टिमीटर ६०-७० व्होल्ट दाखवतो. १५ वॅटचा साधा बल्ब जोडला की शून्य. म्हणजे विजेची गळती नसावी, एकाच पाइपातून जाणाऱ्या शेजारच्या चालू वायरींमुळे आलेलं भूत (लोड जोडताच नाहीसं होणारं व्होल्टेज) आहे. (निऑनही कायम मिणमिणतो, वॉचमनला सवय झाली आहे!) पुल-अप १० किलोओहम केला, पल्स कमी झाले पण गेले नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये पल्स मोजून बघितले, भरवसा वाटत नाही.

नवी वायर किंवा फ्लोटवर १२ व्होल्ट सुचवू नका, कमिटी पाइपाला हात लावू देणार नाही.

फेज-न्यूट्रलमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन्सवर लावायचा सुरक्षित प्रकार) कपॅसिटर टाकला तर पुरेल का? त्याला डिस्चार्ज रेझिस्टर किती लावू? की झेनर डायोड टाकून ऑप्टोकपलर चालू होण्याचं व्होल्टेजच वर न्यावं?