पहिली दुर्बीण: ११४/१००० ईक्यू की १३० ची टेबलटॉप? (सातारा)

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, तिला ग्रह-तारे बघायचा नाद लागलाय. बजेट पंचवीस हजारांपर्यंत. दोन पर्याय समोर आहेत. एक ११४ मिमी आरशाची, नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) १००० मिमी, ईक्यू माउंट (ध्रुवाकडे रोखायची बैठक) आणि ट्रायपॉडसकट. जाहिरातीत '७५० पट' लिहिलंय. दुसरी १३० मिमी, नाभीय अंतर ६५०, पण तिला ट्रायपॉडच नाही, नुसती टेबलावर ठेवायची लाकडी फिरती बैठक. बघणार बहुतेक घराच्या स्लॅबवरून, कधीतरी कासला जाऊ. पहिलीत सामान जास्त मिळतंय म्हणून मन तिकडे ओढतंय. काय करावं?

ध्रुवपद
दुसरी घ्या. सामान जास्त दिसतंय तिथेच गोम आहे.

७५० चं गणित असं: १००० भागिले ४ मिमी आयपीस (डोळ्याशी लावायचं भिंग) म्हणजे २५०, त्याला ३ पट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग). आरशाच्या दर मिलिमीटरला २ पट ही वरची मर्यादा धरली तरी ११४ ला २२८ च्या पुढे नुसता अंधुक गोळा दिसतो. आपल्याकडच्या हवेत बहुतेक रात्री १५० च्या आतच चित्र नीट राहतं.

नळीची लांबीही बघा. नाभीय अंतर १००० आणि नळी जेमतेम अर्धा मीटर असेल, तर फोकसरच्या (आयपीस बसवायच्या नळकांड्याच्या) आत जादा भिंग बसवून अंतर ताणलेलं असतं. अशा दुर्बिणीचं कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं, नवख्याला फार जड जातं. लेझर लावलं तरी ते भिंग किरण वाकवतं.

आता ईक्यू. या माउंटचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. साताऱ्याचं अक्षांश साधारण १७.७ अंश, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर. शहरात तो शेजारच्या टाकीमागे जातो. शिवाय स्वस्त ईक्यू माउंट युरोपच्या अक्षांशांना सोयीचे असतात. इथे अक्ष जवळपास आडवा झोपतो आणि वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला थडकतो. (ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी ट्रायपॉड फिरवून एक पाय दक्षिणेला आणि दोन उत्तरेला ठेवावेत, म्हणजे दांडा मधल्या फटीतून जातो.)

१३०/६५० घेताना एकच गोष्ट विचारून घ्या: आरसा पॅराबोलिक (परवलयाकार) आहे ना? या मापात गोलीय आरसेही विकतात, त्यात गुरूच्या कडा कधीच धारदार होत नाहीत.

शाहूपुरीकर
बरं झालं विचारलं. १३० चीच घेतो, पॅराबोलिक आहे असं लेखी घेतलंय. पण ती ठेवायची कशावर? आणि आल्यावर आधी काय करायचं?

कोलिमेशन_काका
प्लास्टिकच्या खुर्चीवर नको, ६५ पटीला शनी नाचतो. तीन पायांचं जड लाकडी स्टूल उत्तम. चार पायांचं स्लॅबच्या उतारावर डुगडुगतं.

आली की पहिलं काम दिवसाउजेडी. २५ मिमी आयपीस लावा (६५० भागिले २५, म्हणजे २६ पट) आणि अजिंक्यताऱ्यावरचा टीव्ही मनोरा मध्यभागी आणा. मग दुर्बीण न हलवता फाइंडरचे (नेम धरायच्या छोट्या साधनाचे) स्क्रू फिरवून त्याचा लाल ठिपका मनोऱ्याच्या त्याच टोकावर बसवा. १० मिमी आयपीस लावून पुन्हा तपासा. 'दुर्बिणीत काहीच दिसत नाही' या तक्रारींपैकी निम्म्या इथेच मिटतात. सूर्य आसपास असताना मात्र हे करू नका. सूर्य बघायचाच तर फिल्टर नळीच्या तोंडावर घट्ट बसणारा हवा. आयपीसला आट्यांनी फिरवून बसवायचा काळा फिल्टर कुठे मिळाला तर सरळ फोडून टाका; तो उष्णतेने तडकतो आणि डोळा जातो.

कोलिमेशनला आयपीसच्या जागी मधोमध बारीक भोक पाडलेलं टोपण बसवा. आत बघून आधी छोट्या आरशाचे तीन स्क्रू असे फिरवा की मोठ्या आरशाच्या कडेच्या तिन्ही पकडी सारख्या दिसतील. मग मोठ्या आरशामागचे स्क्रू, एका वेळी पाव फेराच, आरशावरच्या मधल्या खुणेत भोकाचं प्रतिबिंब येईपर्यंत. रात्री ध्रुवावर खात्री करा, कारण तो जागचा हलत नाही. मोठ्या पटीला किंचित फोकस बिघडवला की वर्तुळात वर्तुळं दिसतात. ती एककेंद्री असली की झालं. एका बाजूला सरकलेली दिसली तर मागचे स्क्रू पुन्हा.

दुर्बीण वापरण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा. खोलीतला आरसा गरम असतो, त्याच्यावरची हवा उकळल्यासारखी हलते. स्लॅबही दिवसभर तापलेला असतो, म्हणून संध्याकाळी सातला बिघडलेला गुरू दहाला सुधारलेला दिसतो. यात दुर्बिणीचा दोष नाही.

आणि ही बैठक तारा धरून ठेवत नाही. १० मिमीला (६५ पट) वस्तू साधारण तीन मिनिटांत चित्रातून निघून जाते. बोटाने हलकं ढकलत राहायचं. पोरं हे दोन दिवसांत शिकतात, मोठ्यांना आठवडा लागतो.

दंडोबा_रात्र
आधी काय बघायचं ते कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

चंद्र पौर्णिमेला बघू नका, सपाट दिसतो. शुद्ध पंचमी ते दशमी, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात तेव्हा बघा. गुरूचे चार चंद्र २६ पटीलाही दिसतात. रोज रात्री कागदावर टिंबं काढून ठेवायला लावा मुलीला. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे कडेने वळली होती, आता वर्षागणिक उघडत जाणार.

कृत्तिका मात्र लहान पटीलाच. २५ मिमीत जवळपास दोन अंश आकाश मावतं, तेवढीच तिला जागा लागते. मृगातला तेजोमेघ शहरातूनही दिसतो. देवयानी दीर्घिकेला काळोख हवा, स्लॅबवरून नुसता धुरकट डाग.

आपल्या अक्षांशाची खरी मिळकत दक्षिणेला आहे. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा तारकागुच्छ बहुतेक युरोपवाल्यांना क्षितिजाखालीच राहतो. साताऱ्यात तो ठीक दक्षिणेला असताना साधारण २५ अंश वर येतो. शोधायची युक्ती सोपी: तो चित्रेच्या जवळपास सरळ खाली, ३६ अंशांवर असतो. मेच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा ठीक दक्षिणेला, सर्वांत उंच येते, तेव्हा दुर्बीण दक्षिणेला खाली उतरवत जा. पण साताऱ्यात दक्षिणेलाच अजिंक्यतारा उभा! किल्ल्याच्या जितकं जवळ तितकं दक्षिण आकाश कापलं जातं. त्रिशंकू तारकासमूह तर १२ अंशच वर येतो, त्यासाठी शहराबाहेरच जावं लागेल. कासला जाणार असाल तर अमावस्येच्या आसपास जा, फुलांच्या भागात पाय ठेवू नका आणि गव्यांची वाट टाळा. आमच्या सांगलीत ही उंची नाही. थंडीत नदीकाठचं धुकं आणि पाचट पेटवल्याचा धूर, म्हणून आम्ही दंडोबाच्या डोंगराकडे पळतो.

टॉर्चला लाल जिलेटीन कागदाच्या दोन घड्या बांधा. मोबाइल एकदा उघडला की डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं जातात.

शाहूपुरीकर
फार मदत झाली. शेवटचं एक: पावसाळ्यात हिचं काय?

कोलिमेशन_काका
जून ते सप्टेंबर आकाश नाहीच म्हणा. दुर्बीण कपाटात, पण ओलसर भिंतीला लागून नको आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. आतला दमट वारा कोंडतो आणि आरशावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात. मलमलच्या पुरचुंडीत शंभर ग्रॅम सिलिका जेल नळीत ठेवा. निळ्याचं गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर परता, निळं झालं की परत आत. कढई स्वयंपाकाची घेऊ नका.

कासहून दव घेऊन आलात तर टोपण लगेच लावू नका. नळी आडवी ठेवून पंख्याखाली सुकू द्या. आणि धूळ दिसली म्हणून आरसा रुमालाने पुसू नका. धुळीने काही बिघडत नाही, ओरखड्याने बिघडतं.