नाताळच्या सुट्टीत बऱ्हाणपूर, एका दिवसात (सोबत आई आणि मुलं)

जळगावकर_११:
२५ डिसेंबरला, शुक्रवारी, जळगावहून बऱ्हाणपूर करायचं आहे. आम्ही दोघं, ६ आणि ११ वर्षांची मुलं आणि आई. आईचं वय ७२, गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत. रात्री नऊपर्यंत परत घरी यायचंय. शाही किल्ला, कुंडी भंडारा, जामा मशीद, असीरगड अशी यादी केली आहे. जमेल का? गाडी न्यावी की रेल्वे?

तापीकाठ:
असीरगडचा डोंगरी किल्ला आधी यादीतून काढा. शहरापासून वीसेक किलोमीटर उत्तरेला आहे, जाणं-येणं आणि चढ धरून तीन तास सहज खातो आणि आईंना तेवढा वेळ गाडीत बसून राहावं लागेल. त्या दिवसांत पावणेसहाला अंधार पडायला लागतो.

सुरुवात कुंडी भंडाऱ्यापासून करा. ही मुघल काळातली जमिनीखालची पाणीयोजना लालबागला, स्टेशनच्या बाजूला आहे. लिफ्टने साधारण ८० फूट खाली उतरवतात. एका फेरीत मोजकीच माणसं जातात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी अकरानंतर रांग लागते. वीज गेली किंवा लिफ्ट दुरुस्तीला असली तर वरूनच डोकावून परतायचं, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा. खाली पाण्यातच उभं राहावं लागतं. बूट नकोत, मागे पट्टा असलेली रबरी सँडल घाला आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडा. भिंतींवर चुन्याचा पांढरा थर साचलेला आहे, तो हाताला गुळगुळीत लागतो पण पायाखाली निसरडा असतो.

मुलांना एवढं सांगा: सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकतं, ते वाटेत भुयाराने अडवून नुसत्या उतारावर शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही. वर ओळीने दिसणाऱ्या शंभरेक कुंड्या म्हणजे याच भुयाराच्या उभ्या विहिरी, हवेसाठी आणि गाळ काढायला. काम १६१५ च्या सुमाराचं, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असतानाचं.

तिथून जामा मशीद, पण शुक्रवार असल्यामुळे बाराच्या आत बाहेर पडा, नाहीतर तीननंतर जा. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या राजवटीतली आहे, घुमट नाही. आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. तो न बघता लोक परत येतात, याचं वाईट वाटतं.

किल्ला दुपारी ठेवा. तिथल्या हमामाच्या (शाही स्नानगृहाच्या) छतावर रंगीत वेलबुट्टी आहे. आत अंधार असतो, त्यामुळे छोटी बॅटरी न्या, आणि मान दुखेपर्यंत वर बघायची तयारी ठेवा. आईंना बागेत बसवता येईल. गाइडचं सगळं खरं मानू नका. मुमताज १७ जून १६३१ ला इथे वारली, तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात (हरणांच्या शाही बागेत) तिला तात्पुरतं पुरलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात आग्र्याला नेलं, एवढं पक्कं आहे. ‘ताजमहाल इथेच होणार होता’ वगैरे ऐकून सोडून द्या.

जंक्शन_भुसावळ:
जाताना रेल्वे ठीक आहे, भुसावळहून तासाभराचा प्रवास. अडचण परतीची. जाणारी गाडी मुंबईकडून येते, म्हणून बहुतेक वेळेवर असते. परतीची गाडी उत्तरेकडून येते आणि डिसेंबरात तिकडच्या धुक्यात अडकली की दोन-चार तास सहज उशिरा. थंडीत, फलाटावर, आई आणि झोपेला आलेलं पोर! त्यातून नाताळाला जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. स्वतःच्या गाडीनेच जा.

सावदेकर:
भुसावळ–फैजपूर–सावदा–रावेर–बऱ्हाणपूर हा रस्ता धरा. साडेसहाला निघालात तर साडेनऊच्या आत पोहोचाल. तापीकाठच्या पट्ट्यात सकाळी धुकं असतं आणि केळीचे ट्रक मध्येच थांबलेले असतात, त्यामुळे उजाडेपर्यंत वेग आवरा. शहरात मोठी गाडी गल्ल्यांत घालू नका. शनवारा दरवाजाच्या आसपास लावून चार-पाच तासांसाठी रिक्षा ठरवा, आईंनाही सोपं पडेल. भाडं बसण्याआधीच बोलून घ्या, थांबण्याच्या वेळेसकट.

जेवायला घरून दशम्या, तिळाची चटणी, लोणचं घ्या. दुपारी हॉटेलात रांग असते आणि तुमचा वेळ तिथेच जातो. पोटात जागा मात्र मावा जिलेबीला ठेवा: काळपट, जाड, मावा घालून केलेली. पाच जणांना अर्धा किलो पुरे, जास्त घेतली तर संपत नाही. गरम खा. घरी न्यायला दराबा ही तिथली मिठाई बरी.

परतीला बामणोदची वांगी घ्यायला विसरू नका, भरिताचा सीझन आहे. जाता जाता, १९३६ सालचं काँग्रेसचं फैजपूर अधिवेशनही डिसेंबरातच भरलं होतं. ११ वर्षांच्या मुलाला ते सांगता येईल.

जळगावकर_११:
असीरगड काढला. धाकट्याला लिफ्टने खाली न्यावं का?

तापीकाठ:
अंधाराला घाबरत नसेल तर न्या, पण हात सोडू नका. तुमच्यापैकी एक जण थोरल्याला घेऊन आधी जा, मग दुसरा धाकट्याला. म्हणजे वर आईंजवळ कुणीतरी राहील. लहानग्याच्या कपड्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा, तो भिजणारच.