मदत हवी आहे: वाटीचं ऑपरेशन झालं, पण गुडघा वाकत नाही (नाशिक)

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी. माझे वडील (नाना, वय ६३) दिंडोरी तालुक्यात राहतात, द्राक्षबाग आहे. श्रावण लागता लागता गोठ्यापुढच्या शेवाळलेल्या फरशीवर पाय सटकला आणि डावा गुडघा थेट दगडी पायरीवर आपटला. पाय उचलायला सांगितलं तर टाच पलंगावरून हलेना. एक्स-रेमध्ये वाटीचे आडवे दोन तुकडे आणि मधे चांगलीच फट. नाशिकला आणून कमरेतून भूल देऊन ऑपरेशन झालं. आत दोन उभ्या तारा आणि त्यांना अडकवून समोरून इंग्रजी आठच्या आकारात पिळलेली वायर आहे. टेन्शन बँड वायरिंग म्हणाले.

आता नाना इंदिरानगरला माझ्याकडे आहेत. टाके निघाले, जखम कोरडी आहे. मांडीपासून घोट्याच्या वरपर्यंत लांब ब्रेस आहे, वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. पाचवा आठवडा संपत आलाय. परवा दाखवायला गेलो तर एक्स-रे छान आहे, तारा जागेवर आहेत, आता वाकवायला लागा, एवढं सांगून पुढचा पेशंट आत. वाकवायचं म्हणजे किती, कसं, कुणी? गुडघा जेमतेम ४० अंश वाकतो. त्यापुढे नाना दात आवळतात आणि माझा हात आपोआप मागे येतो.

मामांचं म्हणणं, गावाकडच्या हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घ्या, दोन बैठकांत मोकळा होईल. नानांना ते पटायला लागलंय, कारण ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे. पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी ठरलेली आहे आणि यांना ट्रॅक्टरवर बसायचंय. शिवाय तारा पुढे काढाव्या लागतात का, हेही सांगा. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण नेमकं काय विचारायचं ते तरी कळू दे.

पायावर उभी:
फिजिओ आहे, म्हणून लिहिते. पेशंट पाहिलेला नाही, तेव्हा तुमच्या सर्जनचा शब्द माझ्या वरचा.

चार-पाच आठवडे पाय सरळ ठेवला असेल तर ४० हा आकडा नवलाचा नाही. पण आता रेंगाळूही नका. साधारण सहा ते आठ आठवड्यांत ९० च्या आसपास पोचावं अशी अपेक्षा असते, पुढचं वाकणं मिळवायला महिने जातात.

मात्र तुम्ही वाकण्याचं विचारताय, मी आधी सरळ होण्याचं विचारेन. मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ वाटीतूनच नडगीपर्यंत पोचते. म्हणून तर वाटी तुटल्यावर टाच उचलेना. सर्जनने परवानगी दिली असेल तर ब्रेस काढून, पाठीवर झोपून नानांना पाय सरळ ठेवून उचलायला सांगा. उचलताना गुडघा थोडा मोडून खाली लोंबतो का? लोंबत असेल तर आकड्याइतकंच मांडीच्या ताकदीकडे बघायला हवं. दोन्ही मांड्या टेपने मोजा, वाटीपासून सारख्याच अंतरावर. फरक बघून नानाच व्यायामाला लागतील!

वायरबद्दलची भीती समजते. गुडघा वाकला की तुकड्यांची पुढची कड उघडू पाहते. समोरची वायर ती उघडू देत नाही आणि तोच जोर मागे, सांध्याच्या बाजूला, तुकडे एकमेकांवर दाबतो. म्हणजे बेताने वाकवणं हे या जोडणीत धरलेलंच आहे. दुसऱ्याने जोर लावून वाकवणं धरलेलं नाही. तारा सरकू शकतात, वायर तुटू शकते, तुकडे पुन्हा फाकू शकतात. हाडवैद्याकडे कृपा करून नेऊ नका.

घरी काय करायचं: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी घट्ट. पलंगावर टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घेऊन टाच कुल्ल्याकडे सरकवायची. मग पलंगाच्या कडेला बसून चांगला पाय दुखऱ्या पायाच्या घोट्याखाली आडवा घालायचा आणि त्याच्या आधाराने दुखरा पाय हळूहळू खाली सोडायचा. ब्रेक नानांच्याच पायात राहतो, म्हणून ते घाबरत नाहीत. नंतर फडक्यात गुंडाळून बर्फ. ताण जाणवेल तो चालेल, दुसऱ्या सकाळी गुडघा सुजून गरम लागला तर आदल्या दिवशी जास्त झालं.

पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, ताप आला, जखम पाझरली, किंवा अचानक कट्ट आवाज होऊन पाय उचलेनासा झाला तर इथे लिहीत बसू नका, दवाखाना गाठा.

निफाडी:
माझीही वाटी अशीच तारांनी शिवलेली होती. तारा सगळ्यांच्या काढत नाहीत. वाटीवर मांसच नसतं, कातडीखाली लगेच तार, त्यामुळे टोकं टोचतात. मला गुडघा टेकून बसता येईना म्हणून हाड पूर्ण भरल्यावर, वर्षानंतर काढल्या. टोचत नसतील तर राहू द्यात. मांडी घालून बसणं बऱ्याच उशिरा जमलं, उकिडवं अजून नीट जमत नाही. गावाकडे खाली बसायचं संडास असेल तर आत्ताच कमोड खुर्ची बघून ठेवा.

आता छाटणी. मंडपाखाली कात्री उभ्यानेच चालते, त्यामुळे गुडघा किती वाकतो हा तिथे प्रश्नच नाही. प्रश्न पावसाने ओल्या, चढउताराच्या सरीत वॉकर घेऊन जाण्याचा आहे. आणि ट्रॅक्टरचं तर नावच नको. पाय कोणता? डावा. क्लच कोणत्या पायाने दाबतात हे नानांना सांगायला नको.

कॉलेजरोडकर:
फिजिओचा खर्च अडत असेल तर त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलला चौकशी करा. वॉकर, कमोड खुर्ची भाड्यानेही मिळते. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर चिठ्ठी काढूनच बसा: हाड किती भरलंय, किती अंशांपर्यंत वाकवायचं, ब्रेस उघडून चालायचं कधी. चिठ्ठी दिसली की ते खुर्चीत जरा मागे टेकतात, असा माझा अनुभव.

द्राक्षवेल:
सगळ्यांचे आभार. दवाखान्यात फोन करून परवानगी घेतली आणि पाय उचलून पाहिला. गुडघा लोंबतोय, चांगलाच. मांडीही डावी बारीक निघाली. नाना टेपकडे बघत गप्प झाले आणि हाडवैद्याचा विषय त्यांनीच मिटवला. घरी येणाऱ्या फिजिओताई ठरवल्यात. चिठ्ठीही तयार आहे. क्लचचं वाचून दाखवलं तर म्हणाले, तो निफाडचा माणूस शहाणा दिसतो. आता मागणी एवढीच की टोळी आली की बांधावर खुर्ची टाकून बसू दे. हे चालेल का?

पायावर उभी:
पुढच्या एक्स-रेनंतर, सर्जन हो म्हणाले तर. गाडी बागेच्या तोंडापर्यंत जायला हवी, सरीत पाऊल टाकायचं नाही. खुर्ची हातांची घ्या, समोर स्टूल ठेवा. थोडा वेळ पाय स्टुलावर लांब, थोडा वेळ खाली वाकवून, असं आलटून पालटून. तासन्तास लोंबकळत ठेवला तर संध्याकाळी पाऊल सुजेल. आणि एखादा घड चुकीचा कापला म्हणून ताडकन उठायचं नाही, हे त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या.

निफाडी:
छाटणीत घड नसतात हो ताई, काड्या असतात. बाकी सगळं बरोबर.