मदत हवी आहे: १८ ऑगस्टच्या आत चॅम्पियन्स लीग घरच्या टीव्हीवर

पेठेतला_पोरगा (९ ऑगस्ट २०१५, रात्री १०.४०)
मंडळी, घाईत आहे. आप्पा १५ तारखेला कोल्हापूरहून इकडं इंग्लंडला येतायत, पहिल्यांदाच. मंगळवारी १८ला चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा) मँचेस्टर युनायटेड विरुद्ध क्लब ब्रुज मॅच आहे, ती त्यांना घरात टीव्हीवर दाखवायची आहे. गेल्या वर्षी आमचे युनायटेडवाले युरोपच्या स्पर्धांतच नव्हते, त्यामुळे कुठं काय दिसतं याकडं लक्ष दिलं नाही. आता बघतो तर स्कायच्या चॅनेलवर नाही, आयटीव्ही चॅनेलवर नाही, सगळं बीटीकडं! फोन कंपनी कधीपासून फुटबॉल दाखवायला लागली राव? कुठलं पॅकेज घेऊ तेवढं सांगा. स्वस्तातलं. लेक्चर नको.

वायरवाला (९ ऑगस्ट, रात्री ११.०५)
ब्रॉडबँड कोणाचं आहे? टीव्ही कशावर चालतो, डिश की नुसता एरियल (साधा अँटेना)? करार किती महिने उरलाय? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

पेठेतला_पोरगा (९ ऑगस्ट, रात्री ११.१२)
इंटरनेट आहे की. जोरात चालतं. टीव्ही पण आहे, ४० इंची. पॅकेजचं बोला.

जुना_लंडनकर (१० ऑगस्ट, सकाळी ७.३०)
लेक्चर नको म्हणालात, पण प्रश्न तुम्हीच विचारलात. १९९२ला प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची वरची फुटबॉल लीग, सुरू झाली तेव्हापासून स्कायच राजा. मग एकाच कंपनीला सगळं विकू नका असा युरोपियन कमिशनने आग्रह धरला, म्हणून २००७ला सेटांटा नावाची टीव्ही कंपनी आली. वर्षाला ४६ मॅचेस घेतल्या आणि जून २००९मध्ये दिवाळं वाजलं. त्याआधी २००२ला आयटीव्ही डिजिटल अशीच बुडाली, तीही फुटबॉलपायीच, आणि खालच्या डिव्हिजनचे क्लब पैशासाठी बोंबलत राहिले. या दोन्ही कंपन्यांचे सेट-टॉप डबे आमच्या माळ्यावर पडून आहेत. आता बीटी. प्रीमियर लीगच्या हक्कांच्या २०१२च्या लिलावात ७३.८ कोटी पौंड टाकून तीन वर्षांसाठी वर्षाला ३८ मॅचेस उचलल्या. थांबा थोडे, तिसरा डबाही माळ्यावर जाईल. तोवर पबमध्ये जाऊन बघावं.

वायरवाला (१० ऑगस्ट, सकाळी ९.१०)
काका, सेटांटाशी तुलना चुकते आहे. सेटांटाचं दुकानच फुटबॉलचं होतं. गिऱ्हाईक कमी पडलं, की शटर खाली. बीटीचं किराणा दुकान आहे, फुटबॉल म्हणजे वर टाकलेला कढीपत्ता. स्कायने २००६ला ब्रॉडबँड विकायला सुरुवात केली आणि टीव्हीच्या गिऱ्हाइकाला इंटरनेट जवळजवळ फुकटात दिलं. बीटीची माणसं तिकडे जायला लागली. वायर बीटीचीच, खांब बीटीचे, पण बिल स्कायचं. मग यांनी उलटं केलं: २०१३ला ब्रॉडबँड घेणाऱ्याला फुटबॉल फुकट. गोल किती झाले याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, किती घरांनी इंटरनेट सोडलं नाही ते ते मोजतात.

जुना_लंडनकर (१० ऑगस्ट, सकाळी ९.४०)
चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीगसाठी तीन वर्षांचे ८९.७ कोटी पौंड. फार महाग कढीपत्ता आहे बुवा तुमचा.

चहाबाज (१० ऑगस्ट, सकाळी ९.५५)
😂 आणि भाजी वेगळी तोलायची. फुकट म्हणे! लाइन रेंटल (फोनच्या लाइनचं भाडं) कोण भरतं?

स्लाउची_मावशी (१० ऑगस्ट, सकाळी १०.२०)
वडिलांचा प्रवासी विमा काढलास का बाळा? आमच्या दिरांना इथे आल्यावर दाढ दुखायला लागली, खिसा रिकामा झाला. फुटबॉलचं नंतर बघ, आधी ते कर. आणि ऑगस्ट असला तरी स्वेटर आणायला सांग.

पेठेतला_पोरगा (१० ऑगस्ट, दुपारी १.०५)
मावशी, विमा काढलाय. पब नको, आप्पा माळकरी आहेत, दारूच्या वासात मॅच बघणार नाहीत. डिश नाही, भिंतीला लावू देत नाहीत. मी आज जेवणाच्या सुट्टीत एका कंपनीला (नाव घेत नाही) फोन केला. ४० मिनिटं पिपाणी ऐकवली आणि म्हणाले, तुमच्या पत्त्यावर आधीच कनेक्शन आहे, खातेदाराला फोन करायला सांगा. आता काय करू? डोकं फिरलंय.

लेस्टरवासी (१० ऑगस्ट, दुपारी १.३०)
व्हर्जिन कंपनीची केबल येत असेल तर त्यांच्या एक्सएल टीव्ही पॅकेजात बीटी स्पोर्ट (बीटीचं चॅनेल) आतच असतं. आमच्याकडे तेच आहे, डिशची कटकट नाही. अर्थात आमच्या लेस्टरच्या मॅचेस बघायला पैसे भरावेत असं काही नाहीये. नवीन इटालियन कोच आणलाय, परवा सुंदरलंडला ४-२ हरवलं, तेवढंच काय ते सुख. लीगमध्ये टिकलो तरी पेढे वाटेन.

वायरवाला (१० ऑगस्ट, दुपारी १.४५)
“डिश लावू देत नाहीत” म्हणजे कोण देत नाही? “खातेदार” म्हणजे तुम्ही नाही? भाड्याने राहता का?

अर्धवट_वकील (१० ऑगस्ट, दुपारी २.१५)
एक सुटसुटीत मार्ग: परदेशी कार्ड घ्या. पोर्ट्समथला कॅरन मर्फी नावाच्या पबवाल्या बाईंनी मॅचेस दाखवायला ग्रीसचं डिकोडर कार्ड (डिशचं बंद चॅनेल उघडणारं) लावलं होतं. प्रकरण युरोपच्या कोर्टात गेलं आणि २०११ला निकाल बऱ्यापैकी बाईंच्या बाजूने लागला. म्हणजे कायदेशीर आहे.

वायरवाला (१० ऑगस्ट, दुपारी २.२५)
डिश लावता येत नाही म्हणतायत आणि तुम्ही त्यांना ग्रीक डिशचं कार्ड देताय. शिवाय त्या निकालात लीगचा लोगो, गाणं, ग्राफिक्स यांच्यावर कॉपीराइट आहे, असंही म्हटलंय. पूर्ण वाचा.

अर्धवट_वकील (१० ऑगस्ट, दुपारी २.३१)
मी तत्त्व सांगत होतो.

क्रिकेटच_फक्त (१० ऑगस्ट, दुपारी ३.००)
धागा काढलाच आहे तर विचारतो, ॲशेस स्कायशिवाय कुठे दिसेल का? परवा ऑस्ट्रेलिया ६० वर ऑल आउट झाली आणि मी ती रेडिओवर ऐकली. २००५ला चॅनेल फोरवर फुकट बघितली होती, तेव्हापासून वनवास.

रंकाळ्याचा_वारा (१० ऑगस्ट, दुपारी ४.१०)
पेठेतल्या भावा, कुठली पेठ? आप्पा कुठल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे? पाटाकडील का?

पेठेतला_पोरगा (१० ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०)
पाटाकडीलच! घर शिवाजी पेठेजवळ असून आप्पा पाटाकडीलचे, त्यावरून घरात चुलत्याशी दोन दोन महिने अबोला. शाहू स्टेडियमवर पोत्यावर बसून मॅच बघितलीत त्यांनी. म्हणून तर हा खटाटोप.

आणि वायरवाले साहेब, हो, भाड्यानं राहतो. वरच्या मजल्यावर मालक, खाली मी. भाड्यातच इंटरनेट आहे, मी बिल कधी बघितलेलंच नाही.

वायरवाला (१० ऑगस्ट, संध्याकाळी ६.२८)
हे पहिल्या ओळीत लिहायचं की राव!!

रंकाळ्याचा_वारा (१० ऑगस्ट, संध्याकाळी ६.४०)
विरोधी खंडोबा तालमीचे लोक इथं नाहीत हे पाटाकडीलचं नशीब. असो. एक गंमत सांगतो. शनिवारी दुपारी ३च्या मॅचेस इथं इंग्लंडात टीव्हीवर दाखवतच नाहीत, पावणेतीन ते सव्वापाच बंदी. लोकांनी मैदानावर जावं म्हणून. तीच मॅच आमचे दादा कोल्हापुरात संध्याकाळी साडेसातला स्टार स्पोर्ट्सवर बघतात आणि मला स्कोअर कळवतात. मी मैदानापासून तासाभरावर, ते समुद्रापार, आणि गोल आधी त्यांना दिसतो. तेव्हा आप्पांना शनिवारचं फार काही कबूल करू नको.

चहाबाज (१० ऑगस्ट, संध्याकाळी ७.००)
आणि यासाठी लोक दोन दोन बिलं भरतात. लीगच्या वर्षाच्या ३८० मॅचेसपैकी दाखवतात १५४. स्काय ११६, बीटी ३८. स्पर्धा आली की वस्तू स्वस्त होते असं शाळेत शिकलो होतो. इथे एकाच्या जागी दोन दुकानं झाली आणि दोन्हीकडून घ्यावं लागतं.

जुना_लंडनकर (१० ऑगस्ट, रात्री ८.१५)
हेच तर मी म्हणतोय. प्रीमियर लीगच्या टीव्ही हक्कांचा फेब्रुवारीतला आकडा बघा: २०१६ पासूनच्या तीन वर्षांसाठी ५१३.६ कोटी पौंड. एका मॅचमागे एक कोटी पौंडांच्या वर. स्कायनेच त्यातले ४१७.६ कोटी टाकले, बीटीच्या भीतीने. पैसा गेला कुठे? खेळाडूंच्या पगारात. आला कुठून? तुमच्याआमच्या बिलातून.

वायरवाला (१० ऑगस्ट, रात्री ८.३०)
काका, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही पबमध्ये बघता त्याचे पैसेही पबवाला बिअरमध्येच लावतो.

पेठेतले, नीट ऐका. मालकांना विचारा ब्रॉडबँड कोणाचं. बीटीचं निघालं तर नवीन काहीच घ्यायचं नाही. त्यांच्या खात्यावर बीटी स्पोर्ट चालू करून घ्यायचं. जुनं चॅनेल ब्रॉडबँडवाल्यांना आहेच, पण चॅम्पियन्स लीग या १ ऑगस्टपासून बीटी स्पोर्ट युरोपवर गेली, त्यासाठी बीटीचा टीव्ही डबा नसेल तर महिन्याला ५ पौंडांचं पॅक लागतं. लॅपटॉपवर लावा, एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा. डिश नको, इंजिनियर नको. दुसऱ्या कंपनीचं निघालं तर मात्र १८च्या आत बदलणं विसरा. जूनपासून जुन्या कंपनीकडे कंपनी बदलायचा कोड मागत फिरावं लागत नाही, नवी कंपनीच सगळं करते, हे खरं. पण लाइन फिरायला दोन आठवडे धरा. डिशवाल्या बिगर-बीटी लोकांना महिन्याला १९.९९ पौंड पडतात, ते तुमच्या कामाचं नाही.

आणि फ्रीव्ह्यूवर (एरियलवर फुकट दिसणारी चॅनेलं) बीटी स्पोर्ट शोकेस म्हणून फुकट चॅनेल आलंय, त्यावर काही निवडक मॅचेस देणार आहेत. एरियल असेल तर आजच चॅनेल पुन्हा शोधून ठेवा. पण भरवसा त्यावर नको.

गुपचूप_बघा (१० ऑगस्ट, रात्री ११.५०)
एवढं कशाला? मला निरोप टाका, लिंक देतो. फुकट.

वायरवाला (११ ऑगस्ट, सकाळी ८.००)
पाहुण्यासमोर पेनल्टीच्या वेळी चक्र फिरत राहील आणि मध्येच नको त्या जाहिराती. माळकरी माणूस आहे, जरा विचार करा.

स्लाउची_मावशी (११ ऑगस्ट, सकाळी ९.१५)
टीव्ही लायसन्स, म्हणजे इथे टीव्ही बघायला लागणारा परवाना, आहे ना रे? १४५.५० पौंड वर्षाचे. लॅपटॉपवर लाइव्ह बघितलं तरी लागतं. भाडेकरूंना कोणी सांगत नाही.

पेठेतला_पोरगा (१३ ऑगस्ट, रात्री ९.३०)
लायसन्स आहे मावशी. मालकांना गाठलं. बीटीच निघालं! तीन वर्षं त्यांच्या बिलात ते फुकटचं चॅनेल होतं, त्यांना पत्ताच नाही. ते गुजराती, फुटबॉलशी संबंध नाही. खात्याचा पासवर्ड त्यांच्या मुलाकडं, मुलगा मँचेस्टरला. त्याला फोन लावला तर तो मँचेस्टर सिटीवाला, युनायटेडचा कट्टर विरोधक! युनायटेडसाठी म्हटल्यावर अर्धा तास चेष्टा केली, मग दिला. ५ पौंड मी रोख दिले, मालककाकांनी वर ढोकळा दिला.

चहाबाज (१३ ऑगस्ट, रात्री ९.४१)
तीन वर्षं? बीटी स्पोर्टला आत्ता कुठे दोन झाली. बाकी कढीपत्ता घेऊन न वापरणारं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदाराची चांदी.

पेठेतला_पोरगा (१९ ऑगस्ट, सकाळी ७.५०)
दोन तर दोन. शेवटचं लिहितो, मग धागा बंद करा. मॅच दिसली, झकास दिसली. आठव्या मिनिटाला कॅरिकनं आपल्याच जाळ्यात घातला तेव्हा आप्पा म्हणाले, “हा खंडोबाचा दिसतोय.” मग डिपायनं दोन मारले, आप्पा सोफ्यावरून उठून उभे! हाफटाइमला चहा टाकायला गेलो, येऊन बघतो तर झोपलेले. त्यांच्या शरीरात रात्रीचा सव्वा वाजला होता, विसरलोच होतो मी. फेलायनीनं अगदी शेवटी तिसरा मारला तो मी एकट्यानं, आवाज बंद करून बघितला. वायरवाले साहेब, आभार. स्लाउला आलात तर घरी या.

रंकाळ्याचा_वारा (१९ ऑगस्ट, सकाळी ८.२०)
“हा खंडोबाचा दिसतोय” 😂😂 आप्पांना साष्टांग. २६ला दुसरी मॅच आहे, दुपारी झोपव त्यांना.

जुना_लंडनकर (१९ ऑगस्ट, सकाळी ९.००)
चला, बरं झालं. पण ५ पौंड दर महिन्याला जात राहतील, बंद करायला विसरू नका. माझा सेटांटाचा अनुभव आहे.

क्रिकेटच_फक्त (१९ ऑगस्ट, सकाळी ९.२५)
उद्या ओव्हलची टेस्ट सुरू होतेय. माझ्या प्रश्नाचं कोणी बघतंय का?