डाग तेवढेच, मग त्रास का वाढतो?

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) असलेल्या पेशंटच्या एमआरआय स्कॅनवरचे डाग वाढले नाहीत तरी चालणं का बिघडलं, आणि या स्कॅनवर पीएचडी करून नवीन काय शोधणार, असं लोक विचारतात म्हणून लिहितो. खानापूरच्या आमच्या अक्काला एमएस आहे, तिच्या मेंदूच्या स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली की ९ पांढरे ठिपके मोजता येतात, पण कपबशी धरताना हात का थरथरतो ते त्यात दिसत नाही बघा. गॅडोलिनियम (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) दिलं तर ताजी सूज उजळते, पण वरवर चांगल्या दिसणाऱ्या भागातली झीज, मेंदूचं हळूहळू आकसणं हे वेगळं मोजावं लागतं, एकाच पेशंटचे वर्षावर्षाचे स्कॅन एकमेकांशी ताडून, आणि संशोधन तिथंच चाललंय. बेळगावात स्कॅन केलात तर सीडी जपून ठेवा, आमची हरवली आणि नवा डाग कुठला, जुना कुठला ते डॉक्टरांना सांगता येईना.